रंजनाची नायिका

कंपनीच्या बसमध्ये रंजना फोन तोंडाशी धरून कथा सांगायची आणि फोन ती टाइप करायचा. "त्यानं तिचा हात करकचून धरला," असं ती म्हणाली की सगळी बस कान टवकारायची. आंबीच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच पॅकिंग लाइनवर होतो. कॉलेजातल्या पोरापोरींची तिची प्रेमकथा एका अ‍ॅपवर भागाभागानं यायची.

नायिका नाजूक, रडवी. नायक तापट, तिचा फोन तपासणार, ती कुणाशी बोलली की खवळणार, मग स्वतःच तिचे डोळे पुसणार. माझं डोकंच फिरायचं.

"अगं, या बयेला काही कामधंदा?"

"कामाला लावली तर वाचंल कोण, ताई? जळला न्हाई तर प्रेम कसलं?"

रंजना स्वतः मात्र मुळीच रडवी नव्हती. मशीन अडलं की फिटरची वाट न बघता बाह्या सरसावायची. म्हणून तर साहेबांनी तिला लाइन लीडर करायचं ठरवलं. अट एकच, दुसरी पाळी.

तिचा नवरा रोज उर्शाच्या थांब्यावर मोटारसायकल घेऊन उभा असायचा. ती उतरली की आधी तिचा फोन चाळायचा. बसमधल्या बायका म्हणायच्या, "किती जीव लावतो गं!" कथेतला नायक म्हणजे आपणच, असं तो चारचौघांत सांगायचा. दुसऱ्या पाळीला त्यानं साफ नकार दिला.

त्याच आठवड्यात रंजनानं, एव्हाना लग्न झालेल्या नायिकेला नायकाचं घर सोडायला लावलं. मला कोण आनंद झाला! वाचक मात्र भडकले. 'एवढं प्रेम करणाऱ्याला सोडलं? माजलीय,' असं कुणी कुणी लिहिलं. ते मला वाचून दाखवताना तिचा आवाज बारीक व्हायचा.

दिवाळीनंतर ती कामावर आलीच नाही. बढती राहिली बाजूला, नोकरीच सुटली. मी अ‍ॅप उघडलं. नायिका परत आली होती, नायकाच्या पायाशी बसून माफी मागत होती. खाली वाचकांचे लाल बदामच बदाम. मी संतापून फोन लावला.

"माघारी का आणलीस तिला?"

मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "कोन हाय?" ती हळू बोलली.

"घराभाईर पडली, हितवर लिवलं, ताई. पुढं ती कुटं ऱ्हाती, कुणाच्या दारात जाती, मला सुचंनाच. तुमीच सांगा की."

तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला.