वहिनीचा टेबलक्लॉथ

दादाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "कुमुद गेली रे... दुपारी जरा पडली होती, उठलीच नाही." माझी थोरली वहिनी. ज्या कॅन्सरने आमची झोप उडवली होती, त्याला केव्हाच पिटाळून ती अशी निवांत गेली. महिना उलटला, पण खरं सांगतो, तिची आठवण आली की मला आधी हसू येतं.

वहिनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होती. तिची खूण असल्याशिवाय माल पुढे जात नसे, आणि खूण पुसट झाली की माल परत. घरातही तोच खाक्या. आयटीत नोकरी लागली म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाली, "पगार पास. शर्टाची इस्त्री रिजेक्ट."

पुढे तिचं ऑपरेशन झालं आणि रेडिएशन सुरू झालं. किरणं नेमकी कुठे द्यायची, त्याच्या जांभळ्या रेघा छातीवर आखलेल्या. त्यांना पाणी लागू द्यायचं नव्हतं. पुसल्या तर सगळी मापं नव्याने, आणि तोवर उपचार थांबणार. नेमकं तेव्हाच खडकवासला धरणातून पाणी सोडलं. त्यांच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत मांडीपर्यंत पाणी, पूल बंद. मीही तेव्हा त्यांच्याकडेच अडकलो होतो. उपचारात खंड पडला. पूल उघडल्याबरोबर हॉस्पिटलमधून फोन आला, आता आणखी उशीर नको. पाऊस मात्र कोसळतच होता आणि खाली पाणी तसंच. दादाचा चेहरा पांढराफटक पडला.

वहिनीने जेवणाच्या टेबलावरचा सूर्यफुलांचा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ ओढला, मधोमध कात्रीने भोक पाडलं आणि डोक्यातून घातला. "भाऊजी, मागून गाठ मारा. घट्ट!"

शेजारच्या फ्लॅटमधल्या आयटीवाल्या पोरांनी हाफ चड्ड्या चढवल्या, तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. दादाने तिच्या डोक्यावर छत्री धरली, तर ती खेकसली, "अहो, डोक्यावर काय आखलंय? इकडे द्या!" आणि छत्री आडवी छातीपुढे धरून, केसांतून पाणी निथळत, ती निघाली. गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "मिरवणूक कोणत्या मंडळाची?"

"मानाची आहे. वाट सोडा!"

कोपऱ्यावरच्या रिक्षात बसेपर्यंत आम्ही हसून बेजार झालो होतो.

हॉस्पिटलात रेघा जशाच्या तशा निघाल्या. तिथल्या बाईंनी काही म्हणायच्या आतच वहिनी म्हणाली, "पास." दादा बाहेर बाकावर बसून लहान मुलासारखा रडला... मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे!

उपचार पुरे झाले. टेबलक्लॉथ धुऊन पुन्हा टेबलावर आला, भोकावर लोणच्याची बरणी बसली. आल्यागेल्याला वहिनी बरणी उचलून ते भोक दाखवायची आणि मिरवणुकीची गोष्ट ऐकवायची. दर वेळी पाणी थोडं वाढायचं. शेवटी शेवटी ते गळ्यापर्यंत आलं होतं.

गेल्या आठवड्यात मी दादाकडे नवा टेबलक्लॉथ घेऊन गेलो. जुन्याच्या कडा पार फाटल्यात. दादाने बरणी उचलली, भोकाची कड फडक्याने पुसली, बरणी जागच्या जागी ठेवली. मग मी आणलेला टेबलक्लॉथ उलगडून चष्म्यावरून नीट पाहिला.

"याला भोक नाही," तो म्हणाला. "रिजेक्ट."