कुंडीतली रिठदची माती

कॉलेजातले एक सर वर्षातून दोनदा आमच्या रिठदला येतात. गाडीतून आधी बॅनर उतरतो, मग सर. गावावर त्यांचं प्रेम फार. प्यायला पाणी दिलं तर फोटो निघेपर्यंत ग्लास ओठांशी धरतात आणि तसाच भरलेला परत देतात. दर तिसऱ्या वाक्यात 'भागीदारी' येते. मला काका म्हणतात. नाव कधी विचारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात माती तपासून देतो म्हणाले. आम्ही वावराच्या चारी कोपऱ्यांतून माती उकरली, सावलीत वाळवली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नावाची चिठ्ठी टाकून पिशव्या त्यांच्या हवाली केल्या. रिपोर्ट काही आला नाही.

परवा पोरीच्या दाखल्यासाठी कॉलेजात गेलो. फाटकाशी गुलाबाच्या कुंड्या होत्या. एकीतल्या काळ्या मातीतून प्लॅस्टिक डोकावत होतं. ओढून पाहिलं, तर आत माझंच नाव.

तेवढ्यात सर आले. मी चिठ्ठी पुढे धरली. "सर, हे काय करून राह्यले तुमी?"

त्यांनी चिठ्ठी वाचली, पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली आणि हसून म्हणाले, "बघा, तुमच्या मातीत गुलाब कसा फुललाय! अजून एखादं पोतं मिळेल का?"