राऊटरच्या कपाळावर हात

यंत्रांना ताप येतो यावर गाढ श्रद्धा असलेला माणूस आख्ख्या अकोल्यात एकच, आणि तो नेमका माझ्या दारासमोर राहतो. आमच्या समोरच्या काकांचा जन्म कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये गेला. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून तो आतून तापलाय का ते बघायचं, कारण तापला की पेटलाच, हे त्यांचं काम. पुढे वऱ्हाडात कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं, पण काकांचा हात काही रिटायर झाला नाही. मिक्सरला हात लावून बघितल्याशिवाय ते चटणी वाटू देत नाहीत. दुपारी टीव्हीला सक्तीची विश्रांती असते. स्कूटरवर उन्हाळाभर ओलं पोतं. एकदा मी ती घाईत मागितली, तर म्हणाले, "आताच डोया लागला तिचा. ऑटोनं जा ना भाऊ." आणि मी मुकाट्याने ऑटोने गेलो.

ऐन मे महिन्यात काकू लेकीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेल्या. नातू झाला. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्याला बघायचं, एवढ्यासाठीच काका दिवस ढकलू लागले, आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकायचं. शेवटी त्यांनी जुना राऊटर काढून सहा शिंगांचा नवा आणला. घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात फोडणी दिली की गॅलरीतला माणूस शिंकतो. तिथे हा राऊटर म्हणजे दोन माणसांच्या वरणाला पंगतीचं पातेलं. तरी चित्र हलेना. "येवढा मोठा आनला, आन् नातू फोटोवानीच बसून राहिला," म्हणत काका मला बोलवायला आले.

मी घरभर राऊटर शोधला. सापडला तो पत्र्याच्या कूलरमागे, वाळ्याच्या ओल्या ताटीला खेटून. पत्रा आणि टाकीभर पाणी ओलांडून बिचाऱ्याचं नेट बाहेर येणार कसं?

"काका, इथं काहून ठेवला?"

"हात लावून पाह्य. भट्टी हाय नुसती. मंग कुठं ठेवू त्याले?"

मी कूलर बंद केला, राऊटर ओढून काढला आणि कपाटावर ठेवला. फोन लावताच नातवाने ऐसपैस जांभई दिली, तीही आवाजासकट. मला विजयी वाटलं. पण काकांची नजर कपाटावर. फोन त्यांनी माझ्या हातात कोंबला, हातपंखा घेतला, स्टुलावर चढले आणि राऊटरला वारा घालू लागले.

"हे काय करून राहिले थे?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं. काकू इतक्या हसल्या की मांडीवरचा नातू हिंदकळला. मग पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "त्याले तुमी वारा घालता. आन् तुमाले कोन घालते तिथं?"

काकांचा हात थांबला. बनियन घामाने अंगाला चिकटलेली होती. काकू गेल्यापासून त्या हाताला कपाळच सापडलं नव्हतं, हे मला इतके दिवस समोर राहून दिसलं नव्हतं.

स्टुलावर काका हलले नाहीत, फोनमध्ये काकू हलल्या नाहीत. मागून लेकीने विचारलं, "नेट गेलं का?"

"नाही ताई," मी म्हणालो, "चांगलं चालू आहे."