चार नंबरची खिडकी

मेव्हिस एन्टविसलनं देवाकडे कधी फारसं मागितलं नाही. बर्नलीच्या गिरणीत सतरा वर्षं माग चालवले, दोन मुली मोठ्या केल्या, नवऱ्याचा खोकला सांभाळला. तिचं मागणं एवढंच, की जुलैत गिरण्या सुट्टीसाठी बंद झाल्या की एक आठवडा समुद्रकाठी मोरकॅमला चार नंबरच्या कॅरॅव्हानमध्ये, म्हणजे भाड्याच्या चाकांवरच्या घरात, राहायला मिळावं.

त्या आठवड्यात आमची अख्खी गल्लीच मोरकॅमला उतरायची. घरी जिचं तोंड चुकवायचं, तीच शेजारीण तिथं सकाळी किटली घेऊन नळावर उभी. त्यामुळे कुणाला पहिली रांग मिळाली आणि कुणाला मागची, हे लपून राहायचं नाही.

चार नंबर पहिल्या रांगेत, अगदी समुद्राकडे तोंड करून. तिच्या मोठ्या खिडकीतून सगळा उपसागर दिसायचा. पाणी ओसरलं की मैलोन् मैल ओली वाळू आणि पलीकडे निळे डोंगर. खिडकीखालच्या बाकावर मेव्हिसची सासू सेरा-अ‍ॅन विणकाम घेऊन बसायची. म्हातारीला मुलगे दोन. थोरला वॉल्टर, मेव्हिसचा नवरा, आणि धाकटा क्लिफ. एरवी वर्षभर म्हातारी रविवारचं जेवायला क्लिफकडे जायची, कारण धाकटी सून ओलिव्ह हिच्या हाताला चव होती. मेव्हिसचा रस्सा पातळ व्हायचा, हे तिचं तिलाही माहीत होतं. पण हा आठवडा मात्र मेव्हिसचा. अकरा वर्षं सासू तिच्याच कॅरॅव्हानमध्ये राहिली, तिच्या हातचा चहा पीत समुद्र बघत बसली. त्या सात दिवसांच्या शिदोरीवर मेव्हिस बाकीचे सगळे रविवार काढायची.

तिथली रीत अशी होती. निघायच्या शनिवारी सकाळी मालकीण थ्रेलफॉलबाई ऑफिसात वही उघडून बसायच्या. जो ज्या कॅरॅव्हानमध्ये राहिला, पुढच्या वर्षी तिच्यावर पहिला हक्क त्याचा, पण दहाच्या ठोक्यापर्यंत. त्यानंतर जो आधी येईल त्याची.

अकराव्या वर्षी, निघायच्या शनिवारी, मेव्हिस पायरी घासत बसली. आमच्यात दाराची पायरी घासून, तिच्या कडेला पांढऱ्या दगडाची रेघ ओढल्याशिवाय बाईच्या जातीला चैन पडत नाही. हिनं तो दगड सुट्टीच्या सामानातही बांधून आणलेला. भाड्याच्या कॅरॅव्हानची लाकडाची पायरी ती, पण हिनं घासली, रेघ ओढली. तेवढ्यात वॉल्टर चिखलाच्या बुटांनी चढून आत गेला, म्हणून परत घासली. हात पुसत ऑफिसात पोचली तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती आणि ओलिव्ह पेनाला टोपण लावत होती.

"मला वाटलं, तुला नको असेल," ओलिव्ह म्हणाली.

पुढचं सगळं वर्ष मेव्हिस हे वाक्य मागाच्या खडखडाटात ऐकत राहिली.

मग जुलै आला. मेव्हिसला तेवीस नंबर मिळाली, सगळ्यात मागची रांग, खिडकीसमोर कचऱ्याचे डबे. सासूची पेटी सरळ चार नंबरमध्ये गेली. म्हातारीनं कुणाला विचारलं नाही, कुणी तिला विचारलं नाही. पेटी उचलून नेली ती खुद्द वॉल्टरनं, म्हणजे बघा.

तेवीस नंबरच्या दाराशीच नळ होता, तरी मेव्हिस पाणी आणायला पुढच्या नळावर जायची, म्हणजे चार नंबरवरून. दिवसातून सहा वेळा. ओलिव्हनं घरून नवे नारिंगी पडदे आणून लावले होते, ते तिनं पहिल्याच फेरीत बघितले आणि मनात म्हटलं, भाजीवालीचा तंबू दिसतोय. दुसऱ्या फेरीत सासू हसताना दिसली. आपल्याकडे म्हातारी कधी एवढं तोंड उघडून हसली होती का, हे आठवता आठवता किटली भरून वाहून गेली.

वॉल्टर एकदा म्हणाला, "समुद्र सगळ्यांचाच आहे गं."

"समुद्र असेल सगळ्यांचा. खिडकी माझी होती."

बुधवारी तिनं बाजारातून लोण्यातल्या कोळंब्यांची छोटी बरणी घेतली. म्हातारीचा जीव त्यांच्यावर. पदार्थ विकतचा असल्यामुळे चवीत खोट निघायचीही भीती नव्हती. बरणी घेऊन चार नंबरमध्ये गेली, तर सासू टोस्टवर कोळंब्याच पसरत होती. ओलिव्हनं सकाळीच आणून ठेवलेल्या, आणि त्याही मोठ्या बरणीतल्या.

"ये ना, बस," ओलिव्ह म्हणाली. "जागा भरपूर आहे."

अकरा वर्षं आपण झाडलेल्या जागेत आपल्यालाच जागा दाखवतात, हे मेव्हिसच्या फार जिव्हारी लागलं. ती समुद्राकडे पाठ करून पाच मिनिटं बसली, चहा नको म्हणाली आणि उठली. कोळंब्या मागच्या रांगेत एकटीनं खाल्ल्या, बोटानं, बरणीतूनच.

बाई वाईट नव्हती, पण त्या रात्री झोपताना तिनं चार नंबरचं छप्पर गळावं म्हणून मनापासून प्रार्थना केली. गुरुवारी पाऊस पडला आणि गळली तेवीस नंबर. वॉल्टरच्या उशीवरच.

शनिवारी साडेनवालाच ती चांगली टोपी घालून ऑफिसच्या दाराशी उभी राहिली. पायरी तशीच मळकी टाकून आली होती, जन्मात पहिल्यांदा. ओलिव्ह एक मिनिट जरी उशिरा आली, तरी वही आपली. पण पावणेदहालाच ओलिव्ह डुलत डुलत आली.

ओलिव्ह थेट टेबलाशी गेली. "आमचं नाव लिहू नका हं, थ्रेलफॉलबाई. क्लिफनं पुढच्या वर्षी परदेशी, मायोर्का बेटाचं ठरवलंय. विमानानं."

मेव्हिसच्या तोंडून कसंबसं निघालं, "आणि आई?"

"त्या कुठल्या विमानात बसतायत. मी विचारलं, तर म्हणाल्या, मेव्हिस आहेच की मोरकॅमला."

थ्रेलफॉलबाईंनी वही पुढे सरकवली. मेव्हिसनं चारच्या आकड्यापुढे आपलं नाव लिहिलं. वर्षभर जे हवं होतं ते सगळं त्या एका ओळीत आलं होतं, खिडकी आली, सासू आली. आणि नाव लिहीत असतानाच तिच्या डोळ्यांपुढे ओलिव्ह विमानाच्या जिन्यावर उभी राहून रुमाल हलवत होती.

परतीच्या बसमध्ये ती वॉल्टरला म्हणाली, "तिथलं पाणी म्हणे ओसरतच नाही. दिवसभर असतंच."

"कुठलं पाणी?"

"मायोर्काचं."

वॉल्टरनं पेपर तोंडापुढे धरला.

त्यानंतर चौदा वर्षं चार नंबर मेव्हिसकडेच राहिली. दहाच्या आत नाव घालायला ती कधी विसरली नाही. सासू त्यातली सहा वर्षं तिच्या बाकावर बसली, आणि एकदा तर तिनं मेव्हिसचा रस्सा बरा झालाय असंही म्हटलं. पण त्या सहाही वर्षांत दर जुलैत, बरोबर बुधवारी, मायोर्काहून ओलिव्हचं कार्ड यायचं, निळ्याशार पाण्याचं. म्हातारी ते खिडकीच्या काचेला टेकवून ठेवायची, नेमकं मधोमध. मेव्हिस रोज सकाळी काच पुसताना ते उचलायची, मागचा मजकूर पुन्हा वाचायची आणि मग अंगाला लागू नये तसं दोन बोटांत धरून परत जागेवर ठेवायची. एवढ्याशा कार्डामागे सगळा उपसागर झाकला जायचा.