भारती साळवेचा खुला पाटकरी

भारती साळवेला तंद्री लागायची सवय लहानपणापासूनची. तव्यावरची भाकरी करपायची, हाका मारणारा हाका मारून दमायचा, आणि ही आपली कालव्याच्या पाण्याकडे बघत बसलेली. देवळाली प्रवरेतल्या बायका म्हणायच्या, पोरीला काही लागलंय की काय! लागलंबिगलं काही नव्हतं. इथून निघालेलं पाणी शेवटच्या वावरात किती वेळानं पोचत असेल, वाटेत ते कोणाकोणाच्या दारावरून जात असेल, एवढंच ती मनातल्या मनात बघायची आणि त्यात तिला फार सुख वाटायचं.

याला कारण तिचा बाप. आसाराम साळवे एकतीस वर्षं पाटकरी होता, म्हणजे कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या नंबराप्रमाणे वावरात सोडणारा माणूस. बुडाखाली सायकल, मनगटावर घड्याळ आणि कालव्याला फुटलेल्या सगळ्या चाऱ्या डोक्यात. कुठल्या चारीला उंदरांनी बिळं पाडलीत, कुठं पाणी अर्धा तास जास्त खातं, टेलच्या, म्हणजे चारीच्या पार शेवटच्या माणसाचं वावर केव्हा भिजेल, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं.

पुण्यात सहा वर्षं कॉम्प्युटरची नोकरी करून, आई गेल्यावर भारती बापाजवळ परत आली. आसाराम तोवर निवृत्त झाला होता. पाणी वापर संस्थेनं त्याच्या जागी कोणाला घेतलंच नव्हतं, त्यामुळे पाण्यावरून रोज कोणीतरी कोणाच्या तरी अंगावर धावून जायचं. मग बापानं सांगायचं आणि लेकीनं टाइप करायचं, असं दोन उन्हाळे चाललं. त्यातून झालेल्या प्रोग्रामला तिनं नाव दिलं 'पाटकरी'. चाऱ्या, वावरं, एकर-गुंठे भरले की कोणाचं पाणी किती वाजता हे तो सांगतो आणि आदल्या दिवशी मोबाईलवर निरोप धाडतो. तिनं तो सगळ्यांना खुला ठेवला. कोणीही फुकट घ्यावा, आत कसा बनवलाय ते बघावं, आपल्या गावाला लागेल तसा बदलावा. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "पाणी वाटायची अक्कल काय कुलपात ठेवायची असती का?"

चार वर्षांत पाटकरी दोनशेवर संस्थांकडे पोचला. शेवगावचा फोन यायचा, खानदेशातला यायचा, एकदा तर बेळगावकडचा आला. भारती डोळे मिटून ऐकायची. पलीकडचा माणूस आपल्या चारीचं सांगू लागला की तिला ती चारी दिसायचीच. बांधावरचं निंबाचं झाड, गुडघ्याएवढा ऊस, सकाळच्या धुक्यातून हळूहळू पुढं सरकणारं पाणी आणि पाण्याच्या तोंडाशी वाळकी पानं. ती इथं खुर्चीत बसून एक चूक दुरुस्त करायची आणि कधी न पाहिलेल्या गावात कोणाचा तरी हरभरा भिजायचा. अशा वेळी तिला आपलं अंग हलकं झाल्यासारखं वाटायचं.

हे सगळं फार गोड होतं. फक्त त्यात भारतीच्या पोटाची सोय कुठं नव्हती! दुकानदारांच्या वेबसाइटी करून ती चार पैसे मिळवायची, पण पाटकरीच्या फोनांपुढे तीही कामं गेली. चौतिसाव्या वर्षी बापाच्या तुटपुंज्या पैशांवर जेवताना तिला घास गोड लागेना.

तिनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. परदेशातल्या एका संस्थेचा अर्ज भरला. 'तुमच्या कामाचा परिणाम काय' या रकान्यात हिनं दोन पानं पाणी कसं चालतं त्याचं वर्णन लिहिलं. नकार आला, पण वर्णन आवडल्याचं त्यांनी मुद्दाम कळवलं. मग तिनं पाटकरीच्या पानावर 'देणगी द्या' असं बटण टाकलं. ते आसारामच्या नजरेला पडलं.

"काढ ते," तो म्हणाला.

"दादा, जगभर असंच चालतं."

"चालू दे जगात. माझ्या बापानं छप्पन साली धर्म बदलला तवा गावकीचं काम सोडलं. सुगीला दारात आलेल्या बलुत्याच्या पेंढ्या परत धाडल्या. लई उपास काढले त्या वर्साला. कुनी वाढायचं आन आपुन पदर पसरायचा, ते न्हाई करायचं आपल्याला."

तिनं बटण काढलं. रागानंच काढलं, पण काढलं.

अशात पुण्याच्या एका कंपनीतून रविराज नावाच्या माणसाचा फोन आला. पाटकरी विकत घेतो, तुम्हालाच चांगल्या पगारावर ठेवतो म्हणाला. मात्र इथून पुढचं सगळं काम बंद पेटीत, आणि दर महिन्याला पैसे भरेल त्याच संस्थेला ते मिळणार. जुना पाटकरी लोकांकडे राहील, पण त्याची निगा राखायची नाही. निगा नाही म्हणजे दोन हंगामांत तो निकामी होणार, हे भारतीला पक्कं ठाऊक होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्या आठवड्यात ती डोळे मिटायची तेव्हा तिला कोरड्या चाऱ्या दिसायच्या.

रविवारी सकाळी संस्थेची सभा होती. कोणाला अंधारात ठेवून जायचं नाही म्हणून भारती बापाला घेऊन गेली आणि उभी राहून सगळं सांगून टाकलं. उद्या मी हो म्हणणार आहे, तुम्ही तुमची सोय बघा, असंही म्हणाली.

अध्यक्ष राधाकृष्ण तसा दिलदार गडी. तीस एकर ऊस, पण बोलण्यात ऐट नाही. तो उठला. "आपली पोर अशी जाऊ द्यायची व्हय? आमी आपलं जुन्या पद्धतीनं करू. दर सुगीला ज्याच्या त्याच्या वावरामागं गव्हाची एक गोनी भारतीच्या दारात पोचती करायची. मान राखायचा तिचा."

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, हेच वाईट. आसाराम उठला, पायांत चपला घातल्या आणि बाहेर गेला.

भारतीची कानशिलं तापली. यांना आठवतसुद्धा नाही, तिच्या मनात आलं. आपल्या घरानं जे जिवावर उदार होऊन टाकलं, तेच हे लोक हसतमुखानं पुन्हा ओंजळीत घालताहेत, आणि प्रेमानं घालताहेत!

"काका," ती म्हणाली, "गहू नको मला. दादा पाटकरी होते तेव्हा त्यांना गोणी देत होता का तुम्ही?"

"न्हाई. पगार हुता त्याला. पानीपट्टीतून."

"मग ती जागा रिकामीच आहे की. माझा प्रोग्राम तेच काम करतो. त्या जागेवर मला घ्या. पाणीपट्टीतून पगार द्या, कामाचा. जी संस्था देऊ शकत नाही तिनंही पाटकरी फुकट वापरावा. पाणी अडवायचं नाही कोणाचं."

राधाकृष्णची नजर दाराकडे गेली, जिथून आसाराम बाहेर पडला होता, आणि त्याचा चेहरा पार उतरला. तो खाली बसला नाही. खिशातून मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर शेवगावच्या अध्यक्षाला लावला. "तुमच्याकडं आमचा पाटकरी चार वर्सं बिनपगारी राबतोय, ठाऊक हाय ना?" असं करत दुपारपर्यंत त्यानं घसा बसेतो फोन केले. एकट्या देवळालीची पाणीपट्टी आता पूर्वीएवढी जमत नव्हती, तीत एका माणसाचा पगार निघणार नव्हता. अकरा संस्था हो म्हणाल्या. काहींनी फोन उचलला नाही, एकानं तर ताकास तूर लागू दिली नाही. अकरांत भागत होतं.

ठराव लिहून झाल्यावर राधाकृष्ण तो घेऊन स्वतः कालव्यावर गेला. भारती मागोमाग. आसाराम पुलाच्या कठड्यावर बसला होता.

"आसाराम, चुकलं माझं," राधाकृष्ण म्हणाला. "ध्यानातच आलं न्हाई."

"वाच काय लिवलंय ते."

राधाकृष्णनं वाचलं. 'भारती आसाराम साळवे यांची पाटकरी या पदावर नेमणूक. वेतन दरमहा.' आसारामनं मान खाली घालून ऐकलं.

"आन टेलला पानी न्हाई पोचलं तर?"

"तर काय?"

"तर पगार कापायचा. तेबी लिव त्यात."

"आरं, आपल्याच पोरीला असं कसं लिवायचं?"

"लिव," आसाराम म्हणाला. "ज्याला वाढायचं, त्याला कुनी जाब इचारत न्हाई. जो काम करतो त्याला इचारत्यात. माझ्या लेकीला इचारा."

भारतीचे डोळे भरून आले. राधाकृष्णनं कागद गुडघ्यावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि बाप सांगेल तसं लिहू लागला.