साहेब आधी कुठं होते?

गोळीबाराच्या मैदानावर रिकाम्या पुंगळ्या साचतात, तसे आमच्या तुकडीत साहेबांचे किस्से साचलेत. रोज थोडे थोडे पडतात आणि एक दिवस पायाखाली कचकचायला लागतात. मी पिंगळीचा. तुकडीत आर्मोरर, म्हणजे रायफली साफ करणारा, बिघडल्या तर दुरुस्त करणारा. परभणीबाहेरच्या माळावर आमची रेंज आहे. निमलष्करी दलाची नेमबाजी तुकडी म्हटल्यावर लोकांना वाटतं, हिचा प्रमुख मोठा नेमबाज असणार. सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटायचं!

नवे साहेब आले की आम्ही एकच चौकशी करायचो, आधी कुठं होते? उत्तर कळलं की पुढचं वर्ष कसं जाणार ते कळून जायचं.

यात जीव टांगलेला होता तो गंगाधरचा. चुडाव्याचा जवान, आईबाप दर साली ऊसतोडीला जाणारे. त्याच्यासारखा नेमबाज मी पाहिलेला नाही. त्याला देशाच्या संघाच्या निवड चाचणीला जायचं होतं. त्यासाठी तुकडीच्या साहेबांची शिफारस लागते, आणि वयाची अट असते. साहेब बदलत राहिले. गंगाधरचं वय काही थांबत नव्हतं.

* * *

पहिले साहेब बँडपथकातून आलेले. उभी हयात ट्रम्पेट वाजवलेला माणूस, स्वभावाने देव. पहिल्याच दिवशी रेंजवर उभे राहून त्यांनी गोळीबार ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला.

"एवढा विस्कळीत आवाज मी कधी ऐकला नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी एकदम गोळी झाडायची. साहेब हातातल्या काठीने मोजायचे, एक, दोन, तीन, आणि चारला ठो. गंगाधर श्वास बसल्याशिवाय बोट हलवायचा नाही. सगळ्यांच्या गोळ्या गेल्यावर त्याची एकट्याची जायची आणि बरोबर मध्यावर लागायची.

"साहेब, माझा श्वास बसायलाय तवर तुमचे चार व्हायलेत," तो म्हणाला.

"मग तू ताल बिघडवतोस," साहेब म्हणाले. शिफारस राहिली. साहेबांच्या निरोपाला मात्र आम्ही गोळ्यांची इतकी एकसाथ सलामी दिली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी टार्गेट लावायचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

* * *

दुसरे आले भांडारातून. चादरी, बूट, बादल्या सांभाळण्यात केस पिकलेले. आल्या आल्या त्यांनी काडतुसांच्या कोठीला आपलं कुलूप लावलं.

"नेम धरायला गोळी कशाला लागते?" त्यांनी आम्हाला विचारलं.

सबंध वर्ष जवान रिकाम्या रायफलीने नेम धरत होते. नुसतं कट्. गंगाधर मान वर करून मला विचारायचा, "कुठं लागली असंल दादा?"

"मध्यावर," मी म्हणायचो.

चाचणीच्या शिफारशीत गुण लिहावे लागतात. गोळीच झाडली नाही तर गुण कुठून आणायचे? ते वर्षही गेलं. वर्षअखेर सगळ्या दलात सर्वांत कमी काडतुसं वापरल्याबद्दल आमचा सत्कार झाला. ढाल मिळाली. नेमबाजी तुकडीला!

* * *

तिसरे श्वानपथकातले. सोबत राणी नावाची निवृत्त कुत्री. साहेबांना माणसांशी लांबलचक बोलायची सवय नव्हती. "बैस", "थांब", "ऊठ" एवढ्यावर तुकडी चालायची. गोळी मध्यावर लागली की पाठीवर थाप आणि एक बिस्कीट. गंगाधरला शेवटी शेवटी बिस्किटाचा वास नकोसा झाला होता.

पण राणीला गोळीबाराचा आवाज सोसायचा नाही. ती पलंगाखाली शिरून थरथरायची. मग हुकूम निघाला, राणी झोपलेली असताना गोळीबार बंद. म्हातारी कुत्री ती, दिवसभर झोपायची.

चाचणी तोंडावर आली आणि राणी आजारी पडली. साहेब तिला घेऊन डॉक्टरकडे. इकडे शिफारशीवर सही करायला कुणी नाही. मी संतापलो होतो, आणि हा गंगाधर सायकल काढून तिचं औषध आणायला निघालेला.

"मुकं जनावर हाय दादा. तिचा काय दोष?" म्हणाला.

* * *

चौथे बांधकाम विभागातले, बागेची भारी हौस. आमची रेंज बघून ते हळहळले. "केवढी जागा मोकळी पडलीय!"

आम्ही गोळ्या झाडतो ती जागा आणि टार्गेट यांच्यात मोकळी जागा असणारच ना! पण त्यांनी तिथे गुलमोहर लावले. चांगले वाढवूनच आणलेले, शिवाय पाणी भरपूर, त्यामुळे रोपं सरसर वाढली. झाड तोडायला परवानगी लागते, आणि परवानगी देणारे साहेब हेच.

गंगाधरच्या पुढ्यात नेमकं एक झाड. तो पडून वाट बघायचा. वारं आलं की फांदी हलायची, फटीतून टार्गेट दिसायचं, तेवढ्यात तो गोळी सोडायचा. एक पान पडायचं नाही.

"झाडं जपतोस, शाब्बास," साहेब म्हणाले, आणि त्याला चाचणीऐवजी पाणी घालायच्या कामावर नेमलं. त्या साली ऊसतोडीला निघताना त्याची आई फाटकाशी आली. "औंदा तरी जायलास का रे?" तिने विचारलं.

"नवे साहेब यायलेत, माय," गंगाधर म्हणाला. मला तिथे उभं राहवेना.

* * *

आणि पाचवे आले ते खरोखरचे नेमबाज. चौकशीचं उत्तर ऐकून आमचा विश्वास बसेना. त्यांनी आधी गुलमोहर काढून दुसरीकडे लावले. मग गंगाधरच्या शेजारी पडून स्वतः गोळ्या झाडल्या. दोघांची टार्गेट्स शेजारी शेजारी धरून बघितली, उठले आणि गंगाधरचा हात हातात घेतला. मी शेडमागे जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू.

अटीत बसणारं ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. साहेबांनी मन लावून शिफारस लिहिली. शांत डोकं, कमालीचा संयम, शिस्त, जबाबदारीची जाणीव. वरच्यांनी ती वाचली. असा माणूस साधा जवान म्हणून ठेवणं बरं नव्हे, असं त्यांना वाटलं. गंगाधरला प्रमोशन मिळालं. सेलूच्या बाजूला दलाचा मोटार विभाग आहे, त्याचा प्रमुख. तुकडी सुटली तसा चाचणीचा हक्कही सुटला.

साहेबांनी वर फोनवर फोन केले. उत्तर आलं, "एवढी स्तुती तुम्हीच केली होती ना?"

* * *

परवा सेलूला गेलो होतो, म्हटलं गंगाधरला भेटून यावं. या माणसाला सायकलच्या पुढे काही चालवता येत नाही. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर रांगेत उभे होते आणि एकजण ट्रक मागे घेत होता. गंगाधर हात मागे बांधून त्याच्या खिडकीशी चालत होता. अंगावर नवा कडक गणवेश, चेहरा रेंजवर असायचा तसाच शांत.

"श्वास घे," तो सांगत होता. "आता अर्धा सोड. ब्रेकवर पाय नुसता टेकव, दाबू नको."

"साहेब, मागं भिंत यायलीय," ड्रायव्हर म्हणाला.

"येऊ दे. घाई करू नको," गंगाधर म्हणाला. "डावा डोळा मीट."