मैनाबाईच्या रेच्यावरचा दावा

अकोल्याच्या माळीपुऱ्यात मैनाबाईएवढी बढाईखोर बाई दुसरी नव्हती, आणि लोकांचं दुखणं असं की तिची बढाई खरी निघायची. अमेरिकेत लढाई जुंपली, मुंबईत रुईला सोन्याचा भाव आला आणि गल्लीत घरोघर कापसातून सरकी काढायचे लाकडी रेचे फिरू लागले. सरकी सुटायची, पण रुई रुळालाच गुंडाळून बसायची. मैनाबाईनं घर झाडायच्या फड्याची पट्टी कापून रुळाखाली ठोकली. रुई आपोआप झडू लागली. साऱ्या गल्लीनं नक्कल केली. तिनं तोंडानं शिव्या दिल्या आणि मनातून फुगली.

दोन वर्षांनी कापसाचा दलाल किसनराव उगवला. रुळाखाली असा पट्टीचा कुंचा लावायचा हक्क आपल्या एकट्याचा, असा ताजा सरकारी कागद त्याच्याकडे होता. त्यानं मैनाबाईवरच दावा ठोकला. हरली तर रेचा जप्त.

मैनाबाईचा वकील म्हणाला, "कागदाच्या आधीपासून हा कुंचा गल्लीत चालत होता, एवढं बायांनी सांगितलं की दावा कोसळला."

पण सांगेल तिच्यावर उद्या दावा! बघता बघता रेचे कडब्याखाली गेले. गंगूबाई पायानं फिरवायचा रेचा जुळवत होती, तिनं तो अर्धवटच असताना फोडून चुलीत घातला. नवं काही करायची कोणाची छाती होईना.

कोर्टाच्या साहेबानं आपल्या कामदाराला, नाझराला, गल्लीत पाहणीला धाडायचं ठरवलं. मैनाबाईनं दिवस मागून घेतला खंडेनवमीचा, आणि सकाळीच दारोदार फिरली.

"काहून वं गंगू, औंदा हळदकुंकू कोणाले? कडब्याले?"

झोंबलं. हत्यार पूजेविना ठेवायचं कसं? एकेक रेचा झेंडू लेवून ओट्यावर आला. सुट्टी बुडाल्यानं कुरकुरत नाझर आला, मागं किसनराव.

मैनाबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "पयली पट्टी माही. बाकीच्या समद्या कालपरवाच्या!"

"कालपरवाच्या?" शेजारची पार्बताबाई उसळली. "माह्या लेकीच्या लग्नाची गादी याच पट्टीनं झाडल्या रुईची, नाझरसाहेब! पोरगी आता लेकुरवाळी झाली!"

"अन् ते रुई कमी पडली तवा कोणं देल्ली वं?" गंगूबाई ओरडली. "म्या! माह्या रेच्याची पट्टी तुह्याच्याबी आंधीची!"

मग काय, साऱ्या गल्लीत आपलीच पट्टी जुनी म्हणून भांडण पेटलं. किसनराव हात जोडून "उगी राहा" म्हणत होता, नाझर साक्षी लिहीत होता.

दावा फेटाळला गेला. गल्लीत पुन्हा ठोकाठोक सुरू झाली. मैनाबाई डफड्याच्या तालावर, पुराव्याला नेलेला रेचा डोक्यावर घेऊन कचेरीतून निघाली ती थेट दलालाच्या ओट्यापुढं थांबली.

"दलालबुवा, कापूस पडून असन तर धाडा. लाजू नका."

तो लाजला खरा. पण तेजीचे दिवस. दुसऱ्या सकाळी त्याची गाडी तिच्याच दारात उभी होती, आणि मैनाबाईनं तिला दुपारपर्यंत तशीच उभी ठेवली.